एका टनाला एक पोतं

जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला आणि तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनामागे साडेतीनशे रुपयांच्या थोडा वर गेला. सिमेंटचं पोतंही साधारण याच आकड्याच्या मागेपुढे घुटमळतं, कधी वीस रुपये वर, कधी वीस खाली. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार इथल्या माणसाला घराचा हिशेब मांडायला कागद लागत नाही. एक टन ऊस, एक पोतं. नवराबायकोचा एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो आणि रात्री-अपरात्री गाडी आली की भरून देतो. सहाशे चौरस फुटांच्या साध्या घराचा स्लॅब पाच इंची धरला आणि बीम त्यात मोजले, तर सत्तर-बहात्तर पोती जातात. म्हणजे चाळीसेक दिवसांची तोडणी एका सकाळी मिक्सरमध्ये पडते. सळई, वाळू, खडी, सेंटरिंगचं भाडं आणि मजुरी अजून यात धरलेलीच नाही.

बीड जिल्ह्यात बांधकामाचा भाव विचारला की आधी उलटा प्रश्न येतो, ‘लेबरवर का मालासहित?’ बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या शहरांत नोकरदार माणूस मालासहित ठेका देऊन मोकळा होतो. खेड्यात ते जमत नाही, कारण ठेक्याला लागणारा पैसा एका वेळी घरात नसतो. माल मालकाचा, मजुरी मिस्त्रीची, आणि काम हप्त्याहप्त्यानं. एका वर्षी पाया आणि जोतं. पुढच्या वर्षी कारखान्याचा पट्टा पडला की भिंती. त्याच्या पुढच्या वर्षी स्लॅब. प्लास्टर पोरीच्या लग्नाला, फरशी पोराच्या. गावात शिरताना कित्येक घरांच्या छतांवरून कॉलमचे गज आभाळात निघालेले दिसतात. वरची माडी कधीतरी चढवायची असते. तोवर ते गज पावसात गंजत राहतात आणि त्यांना साधा सिमेंटचा घोळ फासायचंही कुणाला सुचत नाही.

या जिल्ह्यात काँक्रीट महाग पडतं ते सिमेंटच्या भावामुळे कमी आणि महिन्यामुळे जास्त, असं माझं मत आहे. तोडणीचा पैसा हातात येतो गुढीपाडव्याच्या पुढेमागे. टोळ्या परततात, मुकादमाचा हिशेब मिटतो, काही उरलंच तर गवंडी गाठला जातो. मृगाच्या आत डोक्यावर छप्पर हवं म्हणून स्लॅब पडतो एप्रिल-मेमध्ये. पारा चाळीस-बेचाळिसावर, विहिरी तळाला, गावात टँकरच्या खेपा चालू. काँक्रीटला लागणाऱ्या मालातला सगळ्यात स्वस्त माल पाणी, आणि तोच त्या दिवसांत मिळत नाही.

स्लॅबचा हा ध्यास नुसत्या मिरवण्यातून आलेला नाही. सोयरीक जुळवताना ‘घर स्लॅबचं आहे का’ हे विचारतात, हे खरं. पण त्यामागे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाटही आहे. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. अंबाजोगाई, केज, परळी हे तालुके तिथून लांब नाहीत. मराठवाडाभर तेव्हा माळवदाची घरं होती. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यावर किलचनं आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असे. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी पांढरी माती टाकायची, धुमस घालायची. माती वर्षानुवर्षं साचत गेली आणि छताचं ओझं वाढत गेलं. भिंतींत गोलगरगरीत दगड मातीत बसवलेले, भिंतीच्या दोन्ही अंगांना एकत्र धरणारे जोडदगड नाहीत. हादऱ्यात भिंती सुटल्या आणि ते सगळं वजन माणसांवर आलं. अभ्यासकांनी नंतर नोंदवलं की कित्येक ठिकाणी लाकडी खणाचा सांगाडा उभा राहिला, कोसळल्या त्या भिंती. पण ढिगाऱ्यातून आपली माणसं काढणाऱ्यांना असला भेद करायला सांगणार कोण? माती मारते आणि सिमेंट तारतं, एवढाच निष्कर्ष गावोगाव पोचला.

तो अर्धाच बरोबर होता. सहाशे चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबचं वजन, बीम सोडून, सतरा टनांवर जातं. हे ओझं कॉलम, बीम आणि भिंतीभोवतीच्या काँक्रीटच्या पट्ट्यांनी नीट बांधलेलं असेल तर घर एकसंध हलतं. नुसत्या वीटबांधकामावर ते ठेवलेलं असेल तर माळवदाचाच धोका नव्या कपड्यांत परत येतो. भूकंपरोधक बांधकामाचे नियम सांगतात की जोत्याला, दरवाजा-खिडकीच्या डोक्यावर आणि छताखाली घराला सलग पट्टी फिरवा. लिंटेलची पट्टी तुकड्यातुकड्यांत घालण्याऐवजी सलग फिरवायला थोडी सळई आणि काही पोती जास्त लागतात. खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री याच पट्टीला लागते. प्लास्टरखाली ती असली काय आणि नसली काय, कुणाला दिसणार?

बीडमधलं एक घर उभं राहतं ते चहूकडून आलेल्या मालावर. सळई शेजारच्या जालन्याची. भंगार वितळवून लोखंड करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांचं ते मोठं केंद्र आहे. सिमेंटचा चुनखडक कलबुर्गीकडच्या वाडी-सेडमचा, नाहीतर चंद्रपूरकडच्या गडचांदूरचा. वाळू गोदावरीची किंवा सिंदफणेची. खडी बालाघाटाच्या काळ्या पाषाणाची. १९७२ च्या दुष्काळात याच भागातल्या बायाबापड्यांनी सरकारी कामांवर बसून हातानं खडी फोडली, आणि तिथूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. आता ती क्रशरवर फुटते आणि ब्रासवर विकली जाते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपल्या सहाशे फुटांच्या स्लॅबला बिमांसह पावणेतीन ब्रास खडी आणि त्याच्या निम्मी वाळू लागते. बीड शहरात रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर जिल्ह्यात रेल्वे म्हणजे मुख्यतः परळी आणि २०२२ पासून आष्टी, बाकी सगळा माल ट्रकनं, भाड्यासकट.

परळीची राख हा वेगळाच विषय आहे. अलीकडे ती राजकारणामुळे जास्त गाजली, पण घर बांधणाऱ्याला तिचा संबंध रोजचा आहे. औष्णिक केंद्राची राख वीटभट्ट्यांत जाते, राखेच्या विटांत जाते. तशीच उडती राख पोझोलाना सिमेंटमध्येही मिसळलेली असते. मानकाप्रमाणे ३५ टक्क्यांपर्यंत चालते. आज दुकानात ‘सिमेंट द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हेच पोतं मिळतं. त्यात वाईट काही नाही. असं काँक्रीट पुढे जाऊन घट्ट आणि टिकाऊ होतं, पण ताकद धरायला वेळ घेतं आणि त्या वेळात त्याला ओल हवी. जुन्या मिस्त्रीचा अंदाज जुन्या सिमेंटवर बसलेला असतो. तो पाच-सहा दिवस पाणी मारायला सांगतो आणि पोत्यातला माल मात्र चौदा दिवस मागत असतो. पाण्याचं नातं इथल्या राखेशीही आहे. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं.

वाळूवर बोलायचं तर हा लेख पुरणार नाही. गेवराई तालुक्यात गोदाकाठानं रात्री धावणारे हायवा, तहसीलची पथकं, पकडलेले ट्रॅक्टर, या बातम्या स्थानिक पानांवर सदरासारख्या येतात. एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं डेपोवरून सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं ठरवलं. वाहतूक ज्याची त्यानं बघायची होती, आणि सहाशेचा ब्रास दारात येईपर्यंत किती व्हायचा हे ज्यानं त्यानं आपापल्या गावात पाहिलं. २०२५ च्या धोरणात घरकुलवाल्यांना पाच ब्रास वाळू मोफत देण्याची तरतूद आली, आणि त्याच वर्षी दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूचंही धोरण आलं. मोफत वाळू कागदावरून अंगणात पोचवणं हे अजून तलाठ्याच्या आणि ट्रॅक्टरवाल्याच्या मर्जीवर आहे, असं दिसतं.

क्रश सँडबद्दल, म्हणजे याच कृत्रिम वाळूबद्दल, गावात संशय आहे. ‘कचीचा स्लॅब गळतो’ असं सर्रास म्हणतात. क्रशरची नुसती डस्ट आणून कुणी स्लॅब टाकला असेल तर तो गळणारच. पण धुतलेली, चाळलेली क्रश सँड ही वेगळी वस्तू आहे. काँक्रीटच्या वाळू-खडीच्या भारतीय मानकानं २०१६ मध्ये आपल्या नावातूनच ‘नैसर्गिक’चा उल्लेख काढून टाकला, आणि ही वाळू त्यात बसते. उलट नदीची म्हणून डोळे झाकून घेतलेली वाळू पुष्कळदा काठाची मातकट असते. पारदर्शक बाटलीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून हलवा, तासभर ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या बाराव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर गाडी परत पाठवावी. फुकटची चाचणी आहे. गाडी रात्री दोनला येते आणि बाटली सकाळी सापडते, हीच अडचण.

सळईची फसवणूक त्याहून सोपी असते. दुकानदार नगावर भाव सांगतो आणि तो स्वस्त वाटतो. आठ मिलिमीटरच्या बारा मीटर सळईचं वजन पावणेपाच किलोच्या आसपास भरायला हवं, दहाचं सात किलो चारशे ग्रॅम, बाराचं दहा किलो साडेसहाशे, सोळाचं एकोणीसला किंचित कमी. मिलिमीटरचा वर्ग करून १६२ नं भागा, मीटरला किती किलो ते येतं. हलक्या सळईत तेवढं लोखंडच कमी असतं. काट्यावर वजन करून किलोच्या भावानं घेणारा मालक दुकानदाराला आवडत नाही. न आवडलेलं बरं.

माल असा जमवून झाला की स्लॅबचा दिवस उजाडतो. मिक्सर-लिफ्ट आदल्या रात्रीच येऊन उभी असते. नारळ फुटतो, मालकीण पहिल्या पाटीला हळदकुंकू लावते. गँग अंगावर काम घेते; तिला दुपारपर्यंत स्लॅब संपवून दुसरीकडं जायचं असतं. शेवटी जेवण असतंच, ऐपतीप्रमाणे मटण नाहीतर शिरा-पुरी. या सगळ्या गडबडीत घराचं भवितव्य एका माणसाच्या हातात असतं आणि तो म्हणजे मिक्सरवर पाण्याचा पाइप धरलेला पोरगा.

१९१८ साली शिकागोत डफ अब्राम्स या अभियंत्यानं ढीगभर चाचण्या करून दाखवलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे भोकं ठेवतं. आपल्या मानकात साध्या घरासाठी जे प्रमाण सांगितलंय, म्हणजे एक भाग सिमेंटला दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी, त्यात एका पोत्याला तीस लिटर पाणी बसतं. दोन कळशांपेक्षा फारसं जास्त नाही. तेवढ्या पाण्यातला माल घट्ट असतो, पाटीतून धपकन पडतो, प्लेटांवर आपोआप पसरत नाही. त्याला सरकवावं लागतं, व्हायब्रेटर घालावा लागतो. गँगला ते नको असतं. मग ‘पातळ करा, माल सरकंना’ अशी ओरड होते, पाइप सुटतो, आणि एका पोत्यामागे दहा-पंधरा लिटर पाणी जास्त जातं. मालकाला बरं वाटतं, कारण स्लॅब आरशासारखा दिसतो. वर तरंगून आलेलं पांढुरकं पाणी सिमेंट घेऊन कडेच्या फटींतून भिंतीवर ओघळत असतं. पैसे देऊन आणलेल्या पोत्यांतली काही तिथेच वाहून गेली.

मजेची गोष्ट अशी की पाण्याचा दुष्काळ असलेल्या जिल्ह्यात पाणी जिथं नको तिथं ओतलं जातं आणि हवं तिथं तोडलं जातं. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर वाफे करतात. शेतात करतो तसेच, फक्त वरंबे मातीचे किंवा कमी सिमेंटच्या मालाचे. त्यात पाणी तुंबवून ठेवायचं. सहाशे फुटांच्या छतावर इंचभर पाणी उभं करायला चौदाशे लिटर लागतात. मेच्या उन्हात आणि वाऱ्यात रोज सेंटीमीटरभर उडालं असं धरलं तर दिवसाला साडेपाचशे लिटरची भर. चौदा दिवसांचा हिशेब नऊ-साडेनऊ हजार लिटरवर जातो. मोठ्या टँकरची एक खेप. उघड आहे की ज्या गावात माणशी पाण्याची खेप मोजून मिळते, तिथं कुणी बाईमाणूस डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी स्लॅबला द्यायला तयार होणार नाही, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. मग चौथ्या दिवशी वाफे कोरडे पडतात. ओल न मिळालेलं काँक्रीट आपल्या ताकदीच्या जेमतेम निम्म्यावर अडकू शकतं. सत्तर टन उसातले पस्तीस टन असे हवेत जातात.

टँकर विकत घेता येतो. त्याचा भाव उन्हाळ्यात वाटेल तसा चढतो, तरी स्लॅबच्या एकूण खर्चापुढे तो किरकोळच राहतो. पण तोवर हातातले पैसे संपलेले असतात. बजेटमध्ये ‘पाणी’ असा रकानाच नसल्यामुळे ते संपतात. पोत्यांचा, ब्रासचा, किलोचा हिशेब सगळे मांडतात. टँकरचा मांडणारा क्वचित दिसतो. गोणपाट भिजवून अंथरलं, वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बसवला, तर याच कामाला बरंच कमी पाणी पुरतं. गोणपाटं घरात असतातच.

घरकुलाच्या लाभार्थ्याची गोष्ट आणखी तंग आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला ४४६ रुपये. त्यानंतर सिमेंट, सळई, मजुरी कुठल्या कुठे गेली. केंद्राचा हा आकडा तिथंच राहिला. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात. २०२५ मध्ये राज्यानं आणखी ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. साडेतीनशेच्या पोत्यामागे, दुकानदारानं पूर्ण फायदा दिला तर, सत्तावीस रुपये. हेही नसे थोडके. पण घरकुलाचा हप्ता सुटतो फोटोवर. फोटोत स्लॅब दिसतो. त्याला पाणी मारलंय की नाही ते दिसत नाही. हप्ता लवकर सुटावा म्हणून घाई होते आणि घाईची किंमत छत मोजतं.

आता फिनिशिंगकडं येतो, कारण मालकाचा खरा जीव तिथं असतो. रस्त्यावरून दिसणारी बाजू आधी सजते. पुढच्या भिंतीला दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स, स्टीलचं चकाकतं रेलिंग, दोन-तीन भडक रंगांच्या पट्ट्या, वर ‘मातोश्री’ किंवा ‘आई-वडिलांची कृपा’. मागची भिंत उघड्या विटांची. मी याची टर उडवणार नाही. आयुष्यातले सहा-सहा महिने उसाच्या फडात पालाच्या खोपीत काढलेल्या माणसाला गावात आल्यावर आपल्या दाराकडे लांबून बघावंसं वाटतं, तर ते त्याच्या हक्काचं आहे. तक्रार क्रमाबद्दल आहे. पुढच्या भिंतीच्या टाइल्सला जे पैसे गेले त्यात मागच्या भिंतीचं प्लास्टर झालं असतं. पावसाचं पाणी उघड्या विटांतूनच आत येतं आणि आतल्या पुट्टीला बुरशी आणतं. मग पुढच्या दिवाळीला पुन्हा पुट्टी.

फरशीचा इतिहास तर जिल्ह्याच्या इतिहासाइतका सरळ आहे. शेणानं सारवलेली जमीन, मग शहाबादी, मग टाइल्स, मग नव्वदीतली स्पार्टेक, आणि आता मोरबीहून येणारी दोन बाय दोनची गुळगुळीत व्हिट्रिफाईड. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात. निजामाच्या राज्यात ते आणि बीड एकाच अमलाखाली होते. तिथला चुनखडक फरशी होऊन इकडे आला आणि वाड्यांपासून शाळांपर्यंत सगळीकडे बसला. आज शहाबादी म्हटलं की सून नाक मुरडते. गरिबाची फरशी! मला मात्र शेतकऱ्याच्या घराला ती अजूनही सगळ्यात शहाणी निवड वाटते. ओल्या पायानं घसरत नाही. ज्वारीची पोती ओढता येतात. खलबत्ता आपटला तर एखादी चिरेल, तेवढी एक काढून नवी बसवता येते. उन्हाळ्यात दुपारी उघड्या अंगानं तिच्यावर पडावं. चकाकी हवीच असेल तर पॉलिश करून घेता येते. व्हिट्रिफाईडचं म्हणाल तर ती दिसते सुंदर, पुसायला सोपी. बैठकीच्या खोलीत जरूर बसवा. पण न्हाणीच्या वाटेवर, पडवीत आणि म्हाताऱ्याच्या खोलीत नको.

कुठलीही फरशी असो, ती खालच्या भरावावर टिकते. माजलगाव, गेवराई, परळीच्या काळ्या रानात ही गोष्ट फार महत्त्वाची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पाया खाली मुरुमापर्यंत नेला तरी जोत्यात भराव म्हणून पायातून निघालेली तीच काळी माती ढकलून देतात, कारण ती फुकट असते. मुरूम विकत आणावा लागतो, थर देऊन पाणी मारून धुमसावा लागतो. इथंही पाणी! ते मारलं नाही की दोन वर्षांत फरशी पोकळ वाजायला लागते, मग कोपरे उचलतात आणि लोक टाइल्सच्या कंपनीला शिव्या देतात. आष्टी-पाटोद्याच्या पठारावर मुरूम हाताला लागतो, तिथं हे दुखणं कमी. काळ्या रानातल्या माणसानं ग्रॅनाइटच्या ओट्यावर थोडं कमी आणि जोत्याच्या भरावावर थोडं जास्त खर्चावं. घराच्या भोवती दोन-तीन फूट उताराचा कोबा करून घ्यावा, म्हणजे वळचणीचं पाणी पायाशी मुरत नाही. या कोब्याकडे पाहून कुणी वाहवा करणार नाही.

आतल्या भिंतींना पूर्वी प्लास्टरवर नीरूचा हात मारून घोटत. आता पुट्टी आणि जिप्सम. शहरी फॅशन म्हणून जिप्समकडे बघितलं जातं, पण त्याचा एक गुण बीडला फार उपयोगी आहे. जिप्समच्या प्लास्टरला नंतर पाणी मारावं लागत नाही. सिमेंटचं प्लास्टर आठवडाभर पाणी मागतं, न मिळालं तर बारीक तडे जातात आणि हातानं खरवडलं तरी वाळू गळते. तेव्हा उन्हाळ्यातच काम काढायचं असेल तर आतून जिप्सम, आणि न्हाणी, मोरी व बाहेरची अंगं सिमेंटची, ही वाटणी हिशेबाची ठरते. पुण्यात हल्ली महागड्या फ्लॅटमध्ये एक भिंत मुद्दाम कच्च्या सिमेंटसारखी दिसेल अशी करून घेतात आणि चौरस फुटावर त्याचे पैसे मोजतात. आपल्याकडचा घोटीव कोब्याचा पडवीतला कट्टा तिकडे नेला तर बहुधा त्यालाही भाव येईल.

राहिलं छत. उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडतो. माळवदाखाली वाढलेली माणसं पहिल्याच उन्हाळ्यात बाजा अंगणात काढतात. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तर गळती थांबते, उताराला पाणी लागतं आणि तापही थोडा कमी होतो. मात्र वजन वाढतं, ते आधी धरलेलं हवं. तेवढे पैसे नसतील तर चुन्याचा पांढरा हात. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच केलंय, आणि त्याचा गाभा एवढाच आहे की छत पांढरं ठेवा. दर मार्चमध्ये चुना मारायला एक दिवस आणि थोडे पैसे लागतात. पूर्वी दर मृगाआधी माळवदावर माती टाकायला याहून जास्त कष्ट पडत.

शेवटचा मुद्दा वेळेचा. स्लॅब उन्हाळ्यातच का टाकायचा, याची मला दोन कारणं दिसतात. पैसा तेव्हा येतो, आणि नदीतला वाळू उपसा पावसाळ्यात ३० सप्टेंबरपर्यंत बंद असतो. दुसरं कारण क्रश सँडमुळे आता ढिलं झालंय. पहिल्याचं असं की मुकादमाची उचलही पावसाळ्यातच हातात पडते, आणि स्लॅब टाकणाऱ्यांत उचलीतून टाकणारे काही थोडे नाहीत. ती कर्जच आहे, फेडायची कोयत्यानंच. पण कर्जाचा स्लॅब टाकायचाच असेल तर तो मेऐवजी ऑगस्टमध्ये टाकता येतो. बीडचा पाऊस असा नाही की रोज काम बुडेल. हवेत ओल असते, विहिरीला पाणी आलेलं असतं, वाफे कधी कधी आभाळच भरतं. ताजा माल ओतल्यावर पहिल्या काही तासांत सर आली तर झाकायला ताडपत्री तयार ठेवावी, एवढीच दक्षता.

पोळ्याच्या आसपास स्लॅब टाकला तर काँक्रीटचे अठ्ठावीस दिवस सर्वपित्री अमावास्येला भरतात. मधल्या पितृपक्षात तसंही कुणी नवं काम काढत नाही. सेंटरिंग उभी राहते आणि वर पाणी तुंबलेलं असतं. मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बिमांचे चौदा दिवसांनी काढले तरी चालतात, पण उन्हाळ्यात सेंटरिंगवाला तेवढंही थांबायला तयार नसतो, त्याच्या प्लेटांना पुढचं गिऱ्हाईक ताटकळत असतं. पावसाळ्यात त्याच प्लेटा त्याच्या अंगणात गंजत पडलेल्या असतात. भाड्याची घासाघीस तेव्हा करावी, आणि टेकू घटस्थापनेपर्यंत राहतील हे आधीच बोलून घ्यावं. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांकडं निघतात. प्लास्टरचं पाणी आणि पैसा पुढच्या पावसाळ्यावर.